नवशिक्याने बांधलेली मोटार

मोटार ही कारखान्यात तयार होते व दुकानातून विकत घेतली जाते, ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की, एखादा शाळामास्तर किंवा बँकेतील कारकून आपल्या घरालगतच्या खोलीत बसून मोटार बांधतो असे कोणी सांगितले, तर ऐकणाऱ्यास ती थाप वाटावी. इंग्लंडमध्ये मात्र सत्तर वर्षांहून अधिक काळ हा परिपाठ चालू आहे. तेथे काही छोटे कारखाने मोटार सुट्या भागांच्या रूपाने विकतात. सांगाडा, इंजिन, चाके, तारांची जुडगी, शेकडो नट-बोल्ट असा सारा संच पेट्यांत भरून घरी येतो आणि गिऱ्हाईक आपल्या हातांनी तो जुळवते. या संचाला 'किट' व त्यातून उभ्या राहणाऱ्या मोटारीला 'किट-कार' असे म्हणतात. बहुधा ही मोटार दोन आसनांची, उघडी, हलकी व चपळ अशी स्पोर्ट्स कार असते. पाऊस, सामान आणि कुटुंब या तिन्ही गोष्टींचा विचार तिच्यात फारसा केलेला नसतो.

या परिपाठाची मुळे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत सापडतात. युद्धाने इंग्लंड विजयी झाले, पण कर्जबाजारीही झाले. तयार होणाऱ्या मोटारी परदेशी विकून परकीय चलन मिळवावे असे सरकारचे धोरण होते व पोलादाचा वाटाही निर्यातीच्या प्रमाणात मिळे. त्यामुळे देशातील माणसाला नवी मोटार मिळणे दुरापास्त होते. हौशी तरुणांनी मग युद्धपूर्व काळातील जुन्या 'ऑस्टिन सेव्हन' मोटारी मोडून त्यांतून नव्या घडविण्यास सुरुवात केली. अशांपैकीच एक कॉलिन चॅपमन हा होता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्याने बांधकामाच्या अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले होते. १९४८ मध्ये त्याने आपली पहिली मोटार उत्तर लंडनमधील ज्या गराजमध्ये जुळवली, ते त्याच्या मैत्रिणीच्या आईवडिलांचे होते. पुढे त्या मैत्रिणीशीच त्याचा विवाह झाला. १९५२ मध्ये त्याने 'लोटस' हा कारखाना काढला. 'लोटस सेव्हन' ही त्याची दोन आसनी मोटार १९५७ मध्ये बाजारात आली व किट-कार म्हटले की आजही प्रथम तिचेच रूप डोळ्यांपुढे उभे राहते.

पूल व इमारती यांचे गणित शिकलेल्या माणसाने मोटार आखली, हे तिच्या सांगाड्याकडे पाहताच ध्यानी येते. चार काठ्या टोकांशी जोडून चौकोन केला व एका कोपऱ्यावर दाब दिला तर तो तिरपा होऊन मिटतो. त्याच चौकोनात कर्णाची एक काठी बसविली की तो ताठ राहतो, कारण आता तो दोन त्रिकोणांचा झालेला असतो आणि काठ्यांची लांबी बदलल्याखेरीज त्रिकोणाचा आकार बदलत नाही. बारीक पोकळ पोलादी नळ्यांचे असे त्रिकोण रचून त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा रिव्हेटांनी बसविला की, सांगाडा अत्यंत हलका असूनही पीळ सोसतो. वजन कमी असल्याने लहानसे इंजिनही पुरते. पहिल्या 'सेव्हन'मध्ये फोर्डचे ११७२ घनसेंटिमीटरचे, जेमतेम चाळीस अश्वशक्तीचे साधे इंजिन होते. तरी वळणावळणांच्या रस्त्यावर ती महागड्या मोटारींना हुलकावणी देई.

तिच्या प्रसाराला खरा हातभार लागला तो मात्र करपद्धतीचा. त्या काळी इंग्लंडमध्ये तयार मोटारीवर 'परचेस टॅक्स' नावाचा जबर कर होता. १९५० नंतरच्या दशकात तो घाऊक किमतीच्या निम्म्याहून अधिक होण्यापर्यंत मजल गेली. सुट्या भागांवर तो लागू नसे. साहजिकच करासह हजार पौंडांच्या वर जाणारी मोटार सुट्या रूपात सुमारे निम्म्या पैशांत पदरात पडे. सवलत टिकविण्यासाठी जोडणीच्या सूचना सोबत देता येत नसत. म्हणून मोटार 'सुटी कशी करावी' याच्या सूचना देण्यात आल्या व गिऱ्हाइकांनी त्या शेवटापासून आरंभाकडे वाचल्या, अशी एक हकीकत नेहमी सांगितली जाते. कायद्याच्या शब्दाला धक्का न लावता त्याचा अर्थ गुंडाळून ठेवण्याची ही रीत आपल्याकडील वाचकाला परकी वाटणार नाही.

१ एप्रिल १९७३ रोजी परचेस टॅक्स जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. लोटसनेही 'सेव्हन'चे उत्पादन थांबविले व त्याच वर्षी तिचे हक्क केटरहॅम गावच्या एका विक्रेत्याने, ग्रॅहम निअर्न याने, घेतले. 'केटरहॅम सेव्हन' या नावाने ती मोटार आजही तयार व सुटी अशा दोन्ही रूपांत मिळते. बचतीचे मोठे कारण उरले नाही, तरी बांधणारे उरले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. पैशासाठी सुरू झालेले काम पुढे त्या कामाच्याच गोडीने चालू राहिले.

कोणते किट घ्यावे?

ज्याने आयुष्यात कधी पानाही हाती धरलेला नाही अशा माणसापुढे तीन वाटा असतात. पहिल्या वाटेत सर्व भाग नवे येतात, सांगाडा जोडून रंगवून मिळतो, इंजिनही तयार असते. काम फक्त जुळणीचे. दुसरीत सांगाडा व बाह्यांग नवे, परंतु इंजिन, गिअरबॉक्स, आस, सुकाणू हे भाग एखाद्या जुन्या मोटारीतून काढून घ्यावयाचे असतात. फोर्डची 'एस्कॉर्ट' ही अनेक वर्षे अशी दात्याची भूमिका बजावत आली. तिसऱ्या वाटेने जाणारा नळ्याही स्वतःच कापतो व स्वतःच जोडतो. रॉन चॅम्पियन या लेखकाचे अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार बांधण्याविषयीचे पुस्तक १९९६ मध्ये निघाले, तेव्हापासून या तिसऱ्या वाटेवर गर्दी झाली व 'लोकॉस्ट' असे तिचे नावच पडले.

नवशिक्याने पहिल्या वाटेनेच जावे हे बरे. दुसरी वाट स्वस्त दिसते. पण जुन्या मोटारीतील प्रत्येक भाग गंजलेला, झिजलेला किंवा अडकून बसलेला असतो. तो सोडविणे, घासणे, दुरुस्त करणे यांतच निम्मा काळ जातो. तिसरीविषयी तर स्पष्टच बोलले पाहिजे. वेल्डिंग ही शिकण्याजोगी कला आहे, परंतु वरून गुळगुळीत दिसणारा सांधा आतून पोकळ असू शकतो व हा दोष नवख्या डोळ्याला दिसत नाही. चाकाचा आधार ज्या सांध्यावर आहे तो ताशी शंभर किलोमीटर वेगात उकलला, तर त्याची किंमत पौंडांत मोजता येत नाही. म्हणून अनेक समंजस हौशी लोक नळ्या स्वतः कापून ठिकठिकाणी टाके तेवढे घालतात व अखेरचे जोडकाम कसबी माणसाकडून करून घेतात.

जागा फारशी लागत नाही. 'सेव्हन'ची लांबी सुमारे ३.१ मीटर व रुंदी सुमारे १.६ मीटर, तेव्हा एका मोटारीचे गराज पुरते. हत्यारांमध्ये पान्यांचे दोन संच असावेत, कारण काही किटांत मिलिमीटरचे व इंची असे दोन्ही प्रकारचे बोल्ट असतात आणि बेताबेताने बसणारा पाना बोल्टचे कोपरे झिजवतो. गिरमीट, रिव्हेटांची पक्कड, कानशी, टॉर्क पाना आणि सांगाडा पेलणाऱ्या चार मजबूत लोखंडी घोड्या हव्यात. नुसत्या जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कोणीही, क्षणभरही, जाऊ नये. जॅकमधील तेलाची एक चकती फाटली की तो खाली बसतो व तो बसण्यापूर्वी सूचना देत नाही.

जुळणी

पेट्या उघडल्या की बहुतेकांची पहिली इच्छा चकचकीत बाह्यांग चढवून मोटार कशी दिसते ते पाहण्याची असते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशातली ही गत होय. फायबर ग्लासचे पंखे व नाक पुन्हा उतरवावे लागते आणि दरम्यान त्यावर ओरखडे पडतात. पहिले दोन-तीन दिवस खरे तर एकही बोल्ट न लावता यादीतील प्रत्येक भाग हाती घेऊन ओळखण्यात घालवावेत. डब्यांवर चिठ्ठ्या डकवाव्यात. डावा व उजवा भाग वेगळा ठेवावा. आरशातील प्रतिबिंबासारखे दिसणारे हे भाग उलटसुलट बसतात आणि चूक उमगते ती बहुधा आणखी वीस भाग त्यांवर चढल्यानंतर.

एका मोटारीत शेकडो बोल्ट असतात व त्यांतील कोणता किती आवळावा हा प्रश्न नवशिक्यास छळतो. 'जितका घट्ट तितका चांगला' ही समजूत चुकीची आहे. आवळताना पोलादी बोल्ट अगदी किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. ताण कमी पडला तर हादऱ्यांनी नट सैल होतो. फार झाला तर बोल्टचा लवचीकपणा संपून तो कायमचा लांबतो व पुढे एके दिवशी तुटतो. अ‍ॅल्युमिनियममध्ये बसणाऱ्या बोल्टने तर भोकातील आटेच सोलून निघतात. टॉर्क पान्यावर ठरावीक आकडा लावला की योग्य ताणाला तो 'टक्' असा आवाज करतो. त्यानंतर नट व बोल्ट या दोहोंवरून रंगाची एकच आडवी रेघ ओढावी. हा बोल्ट आवळून झाला, एवढे तर ती सांगतेच. पण पुढे नट तसूभर जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसते. ज्या नटांच्या आत नायलॉनचे कडे असते ते एकदाच वापरावयाचे असतात. तात्पुरत्या जुळणीसाठी साधे नट लावावेत.

याला एक अपवाद आहे आणि तो नवशिक्याला बुचकळ्यात टाकतो. चाकांचे आधार धरणाऱ्या दांड्यांच्या टोकांना रबराचे बुश असतात. मोटार घोड्यांवर उंच असताना चाके खाली लोंबतात. त्या अवस्थेत हे बोल्ट पूर्ण आवळले, तर रबर त्याच स्थितीत चिमटले जाते. पुढे मोटार जमिनीवर टेकली की ते कायम पिळलेले राहते, लवकर फाटते आणि मोटारीची उंचीही बिघडवते. म्हणून हे बोल्ट प्रथम नुसते हाताने लावावेत व मोटार स्वतःच्या वजनासह चाकांवर उभी राहिल्यावरच आवळावेत. आतापर्यंत आवळल्याची रेघ ज्यांवर नाही असे बोल्ट वहीत नोंदून ठेवले नाहीत, तर त्यांतला एखादा विसरला जाणारच.

पुढील दांड्या, स्प्रिंगा, सुकाणूचा दंड हे भाग आठ-पंधरा दिवसांच्या सुट्टीतल्या कामात बसून जातात व मोटार अर्धी झाली असे वाटू लागते. इंजिन बसविणे हे दिसायला अवघड काम, पण प्रत्यक्षात सोपे. इंजिन व गिअरबॉक्स एकत्र जोडून साखळीच्या यारीने उचलायचे, गिअरबॉक्सची शेपटी खाली झुकवायची आणि तो जोड तिरपा आत सोडायचा. दोघा-तिघांनी सावकाश केले तर एका सकाळचे काम. सांगाड्याचा रंग वाचविण्यासाठी जुनी घोंगडी गुंडाळून ठेवावी. इंजिन आत गेल्यावर ज्या ठिकाणी हात पोचणार नाही तेथील नळ्या व तारा आधीच बसलेल्या असाव्यात, एवढीच दक्षता.

ब्रेकचे काम मात्र दिसायला क्षुल्लक आणि खरे तर सगळ्यांत गंभीर. पायाने दाबलेल्या पेडलचा जोर द्रवाच्या द्वारे चार चाकांपर्यंत जातो. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. नळ्यांत हवेचा एक बुडबुडा जरी राहिला, तरी पायाचा जोर चाके थांबविण्याऐवजी तो बुडबुडा दाबण्यात खर्च होतो व पेडल पायाखाली स्पंजासारखे मऊ लागते. ही हवा काढायला दोन माणसे लागतात. एकाने पेडल हळूहळू दाबायचे; दुसऱ्याने चाकापाशी असलेली तोटी किंचित सैल करायची. तोटीला लावलेल्या पारदर्शक नळीचे दुसरे टोक बाटलीतील द्रवात बुडलेले असावे. पेडल तळाला टेकताच तोटी बंद करायची आणि मगच पाय उचलायचा. क्रम चुकला की तीच हवा पुन्हा आत जाते. बहुतेक मोटारींत सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करतात. वरचे भांडे अर्ध्याखाली उतरू देऊ नये. हा द्रव हवेतील ओलावा शोषतो म्हणून उघड्या डब्यातील उरलेला वापरू नये, आणि तो रंग खातो म्हणून सांडला तर लगेच पाण्याने धुवावा.

हे झाल्यावर पेडल जोराने दाबून एकाने तसेच धरावे व दुसऱ्याने प्रत्येक सांध्याला कोरडा कागद टेकवीत जावे. ज्या कागदाला ओल लागेल तो सांधा पुन्हा बांधावा. दुसऱ्या दिवशी सकाळी हीच परीक्षा पुन्हा घ्यावी. मोटार चालेल की नाही याची चिंता नवशिक्या रात्रंदिवस करतो. थांबेल की नाही याची चिंता त्याने अधिक करावी. आणि या एका कामावर जाणकाराची नजर फिरवून घेण्यात कमीपणा मानू नये.

तारांच्या जुडग्यापुढे पुष्कळांचे धैर्य खचते. आजच्या किटांत तारा तयार जुडग्यातच येतात व टोकांची बोंडे एकमेकांतच बसतील अशी असतात, त्यामुळे भीती वाटते तितके ते कठीण नाही. दिवे न लागण्याचे, काटे नाचण्याचे कारण बहुतांशी एकच असते, ते म्हणजे कच्चे अर्थिंग. पोलादी मोटारीत अंगाच्या पत्र्यातूनच वीज परत जाते. फायबर ग्लासमधून ती जात नाही, म्हणून तेथे बसविलेल्या प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी तार हवी. आणि जेथे ती सांगाड्याला जोडायची, तेथील रंग घासून धातू उघडा करायला हवा.

याच सुमारास एक निराळी अडचण उभी राहते आणि तिचे उत्तर कोणत्याही सूचना-पुस्तिकेत नसते. नव्या भागांचे पूर्ण किट सुमारे शंभर तासांत जुळते असे मानले जाते, परंतु नवशिक्याला अधिक वेळ लागतो आणि मोठाले भाग बसून गेल्यावर काम दिसेनासे होते. दिवसभर खपून एक रबरी पट्टी व दोन पकडी एवढेच बसलेले असते. बाहेर थंडी असते, घरची माणसे कंटाळलेली असतात. 'अर्धवट काम, त्वरित विकणे आहे' अशा ज्या जाहिराती दिसतात, त्यांतील मोटारी बहुधा याच टप्प्यावर थांबलेल्या असतात. त्या घेणाऱ्याला बोल्टवरील रेघांचा इतिहास माहीत नसतो, म्हणून त्या स्वस्तात जातात. ज्यांची मोटार पुरी होते ते फार कुशल असतात असे नव्हे. रोज तासभर तरी गराजमध्ये जाण्याचा नेम त्यांनी मोडलेला नसतो.

इंजिन प्रथम चालू करण्यापूर्वी त्याच्या ठिणग्या बंद ठेवून ते स्टार्टरने काही वेळ नुसते फिरवितात. त्यायोगे तेल वरपर्यंत चढते आणि कोरड्या धातूवर धातू घासत नाही. तेलाच्या दाबाचा काटा हलला की ठिणगी जोडावी. मोटार त्याआधी ढकलून उघड्यावर आणलेली असावी, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अग्निशामक हाताशी असावा.

परीक्षा

घरी बांधलेली मोटार तशीच रस्त्यावर नेता येत नाही. ब्रिटनमध्ये अशा एकेका मोटारीची सरकारी तपासणी १९९८ पासून होऊ लागली व २००९ पासून तिच्या जागी अधिक कडक अशी 'वैयक्तिक वाहन मान्यता' परीक्षा आली. ब्रेक, धूर, आवाज, दिव्यांच्या जागा, आरशांतून दिसणारा टापू, पट्ट्यांचे आधार, वेगमापकाचा खरेपणा हे सारे पाहिले जाते. अनेकांना धक्का देते ते धारदार कडांविषयीचे कलम. पादचाऱ्याला लागू शकेल अशी बाहेरची कडा किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येइतकी गोलसर असावी लागते. १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा जेथे टेकू शकतो तो भाग या नियमात येतो. त्यामुळे देखणे दिसणारे उघडे बोल्ट रबरी टोप्यांखाली झाकावे लागतात व पत्र्याच्या कडांना पट्टी चढवावी लागते. पहिल्याच खेपेस सर्वजण उत्तीर्ण होत नाहीत. दोषांची यादी मिळते, ते दूर करून पुन्हा जावयाचे असते.

नोंदणीसाठी पावत्या व जुळणीच्या वेळची छायाचित्रे दाखवावी लागतात, म्हणून पहिल्या दिवसापासूनच ती जपून ठेवावीत. ज्या मोटारीतील भागांचे वय सिद्ध करता येत नाही तिला 'क्यू' अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळतो व तो विकताना किंमत उतरवितो.

पाटी लागली म्हणजे काम संपत नाही. नवे ब्रेक प्रथम हलक्या हाताने वापरून चकतीवर बसवावे लागतात, तोवर थांबण्यास अंतर अधिक लागते. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर इंजिनचे तेल बदलावे, चाकांची दिशा पुन्हा मोजून घ्यावी आणि मोटार परत घोड्यांवर चढवून, कंदील घेऊन, रंगाची प्रत्येक रेघ एकेक करून पाहावी.